इमिग्रेशनच्या पलीकडचा चहा

मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. फ्रँकफर्टसारख्या विमानतळावर रात्री ११ ते पहाटे ५ विमानांना बंदी असते, शिवाय तिथून पुढची विमानं सकाळी गाठायची असतात. मग इथून निघायचं ते रात्री एक, दोन, तीनला. विमान कंपनी म्हणते तीन तास आधी या. पुण्याचा माणूस घाटातली कोंडी हिशेबात धरून संध्याकाळीच गाडीत बसतो, नाशिककर त्याच सुमारास, कोल्हापूरकर दुपारी. रात्रीच्या जेवणाची वेळ रस्त्यात आणि रांगांमध्ये जाते. विमानात ट्रे समोर येतो तेव्हा बाहेर उजाडायला आलेलं असतं. या मधल्या वेळात पोटात जे जाईल ते विमानतळावर, घाईघाईत, उभ्या-उभ्या. त्या खाण्याबद्दल हे मुद्दे आहेत. तक्रार चवीची नाही, चव ज्याच्या-त्याच्या जिभेची. तक्रार आहे ती करारांची.

१. तिथला प्रवासी गिऱ्हाईक नसतो, अडकलेला असतो.

पासपोर्टवर शिक्का बसला आणि सुरक्षा तपासणी झाली, की मागे फिरता येत नाही. रस्त्यावर एक हॉटेल महाग वाटलं तर माणूस चार पावलं पुढे जातो. इथे ती चार पावलं सरकारी नियमाने बंद केलेली आहेत. पाण्याचंही तसंच. २००६ साली लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला आणि त्यानंतर हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव नेण्यावर जगभर बंदी आली. भरलेली बाटली तपासणीच्या दारात रिकामी करायची आणि पलीकडे जाऊन नवी विकत घ्यायची. सुरक्षेबद्दल माझा वाद नाही. पण दार सरकारने बंद केलं असेल, तर आतल्या भावाची काही जबाबदारी सरकारवर येतेच.

इथे कुणीतरी मल्टिप्लेक्सचं उदाहरण देतं. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चित्रपटगृहाच्या मालकाला बाहेरचं खाणं आत येऊ न देण्याचा हक्क आहे, मात्र पिण्याचं पाणी त्याने फुकट द्यायला हवं. त्या निकालामागचा विचार असा की सिनेमाला जायचं की नाही, तिथे काही विकत घ्यायचं की नाही, हे प्रेक्षकाच्या हातात असतं. पॉपकॉर्नशिवाय तीन तास निघतात. पण साठी-सत्तरीची मधुमेही बाई लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेली असेल, तर रात्री दहा ते पहाटे चार हा काळ तिने न खाता काढावा असं कुठलं न्यायालय म्हणेल?

२. ‘परदेशी चाललाय म्हणजे पैसेवाला’ हा समज आधी टाकून द्यावा.

मुंबईच्या टर्मिनल दोनवर रियाध, दम्माम, कुवेत, मस्कतच्या विमानांच्या गेटपाशी दहा मिनिटं बसून पाहावं. रत्नागिरी-रायगडकडचे, त्याहून जास्त उत्तर प्रदेश-बिहारकडचे तरुण. गवंडी, प्लंबर, ड्रायव्हर, वेल्डर. यांतल्या अनेकांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं. म्हणजे शिक्षण दहावीच्या आतलं, आणि नोकरीसाठी ठरावीक १८ देशांत जायचं तर सरकारची परवानगी लागते. सरकारलाच हे ठाऊक आहे की हा माणूस फसवला जाऊ शकतो, म्हणून तो शिक्का. त्याच माणसाला इमिग्रेशनच्या पलीकडे नेऊन चहाच्या भावाबाबत मात्र बाजारावर सोडून दिलं जातं. यातले कित्येक जण एजंटाचे पैसे कर्ज काढून भरून आलेले असतात.

‘विमानात मिळेलच की’ हेही उत्तर त्याच्या उपयोगाचं नाही. आखाताकडे जाणारी बरीच विमानं स्वस्त दरांच्या कंपन्यांची असतात आणि तिथे जेवण वेगळे पैसे मोजून घ्यावं लागतं. कर्ज काढून शिकायला निघालेली मुलंही याच रांगेत असतात. आणि ज्यांच्याविषयी कुणी बोलत नाही ते आतले कर्मचारी: सफाई कामगार, लोडर, व्हीलचेअर ढकलणारी पोरं. त्यांच्यासाठी कर्मचाऱ्यांचं उपाहारगृह असतं, पण ते कुठे, किती लांब आणि रात्री किती वाजेपर्यंत उघडं, हा वेगळा लेख होईल.

३. सगळ्यात स्वस्त जेवण सगळ्यात सुखवस्तू माणसाला मिळतं.

ही विमानतळावरची खरी गंमत आहे. ज्याच्याकडे बँकेचं वरच्या दर्जाचं क्रेडिट कार्ड आहे, तो लाउंजच्या दारात कार्ड दाखवतो, बहुतेक वेळा दोन रुपयांची नोंद होते, आणि आत भात, दोन भाज्या, सूप, केक, कॉफी, हवं तितकं. ज्याच्याकडे ते कार्ड नाही तो बाहेर एका सँडविचला दोन रुपयांच्या शंभरपट मोजतो. लाउंजचे पैसे बँक भरते हे खरं, आणि बँक ते कुठूनतरी वसूल करतेच. अलीकडे बँकांनी खर्चाच्या अटी घालून ही सवलत आवळली, लाउंजच्या दाराशी रेल्वेच्या जनरल डब्यासारखी रांग लागते, तेही खरं. तरी उतरंड तीच राहते. मला लाउंज बंद करायचं नाही. मला एवढंच म्हणायचंय की दोन रुपयांत जेवणारे आपण लोकच वर्तमानपत्रांत लिहितो, सभागृहांत बोलतो आणि अधिकारपदांवर बसतो. म्हणून हा प्रश्न तडीला जात नाही.

४. भाव बाजारात ठरत नाही, तो करारात ठरतो.

हा मुद्दा जरा किचकट आहे, पण सगळं इथेच अडलेलं आहे.

मुंबईचा विमानतळ २००६ साली खासगी कंपनीकडे चालवायला दिला गेला. आधी जीव्हीके, २०२१ पासून अदानी समूह. करारानुसार चालक कंपनी आपल्या एकूण महसुलाचा ३८.७ टक्के हिस्सा भारतीय विमानतळ प्राधिकरणाला देते. एकूण महसुलाचा, नफ्याचा नाही. खाण्याच्या दुकानाकडून विमानतळाला शंभर रुपये मिळाले, की त्यातले ३८ रुपये ७० पैसे प्राधिकरणाच्या, म्हणजे सरकारच्या, गल्ल्यात जातात. शिवाय चालक कंपनीत प्राधिकरणाची २६ टक्के भागीदारी आहे ती वेगळीच. तेव्हा महागड्या सामोशाबद्दल सरकारने तटस्थ पंचाचा चेहरा करू नये. त्या सामोशात सरकारचा घास आहे.

आता दुकानाची बाजू. विमानतळावरचे असे करार साधारणपणे दोन आकड्यांवर चालतात: एक किमान हमी रक्कम आणि एक विक्रीतली टक्केवारी. दोन्हींतलं जे जास्त भरेल ते द्यायचं. दुकान चालो न चालो, हमी द्यावीच लागते. मग दुकानदार काय करेल? ज्यात एका गिऱ्हाइकामागे जास्त पैसे सुटतात ते विकेल. वडापाव आणि पोहे दिसेनासे होतात, ‘आर्टिसन’ नावाचा पाव दिसू लागतो. अनेक ठिकाणी सगळा खाण्याचा विभागच एका मोठ्या कंपनीला दिला जातो आणि ती त्यात वेगवेगळ्या ब्रँडांच्या पाट्या लावते. जुलै २०२५ मध्ये शेअर बाजारात आलेल्या ट्रॅव्हल फूड सर्व्हिसेसचंच उदाहरण घ्या. विमानतळांवरची झटपट खाण्याची दुकानंही तिची आणि लाउंजही तिचे. यात बेकायदा काही नाही. पण पाट्या दहा आणि मालक एक असेल तर तिथे स्पर्धेने भाव उतरतील ही आशा कुणी धरू नये.

यावर नियामक नाही का? आहे. विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण, म्हणजे ‘एरा’, २००८ च्या कायद्याने स्थापन झालं. पण ते दर ठरवतं ते विमानसेवेशी थेट संबंधित गोष्टींचे: विमान उतरवण्याचं शुल्क, प्रवाशांकडून घेतलं जाणारं विकास शुल्क वगैरे. खाणंपिणं, दुकानं, पार्किंग हे सगळं बिगर-विमानसेवा. त्यांचे भाव एरा ठरवत नाही. त्या उत्पन्नातला फक्त ३० टक्के भाग हिशेबात धरून विमानसेवेचे दर तेवढे कमी केले जातात. चालकांचा नेहमीचा युक्तिवाद इथेच येतो: दुकानांचं उत्पन्न वाढलं की तुमचंच शुल्क कमी होतं. होतं, तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी भागाचं. आणि उपाशी माणसाकडून जास्त घेऊन बिझनेस क्लाससकट सगळ्यांचं शुल्क पैशा-दोन पैशांनी उतरवणं ही कुठली न्याय्य वाटणी?

५. छापील किमतीचा कायदा आहे, पण फटीही आहेत.

१२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हॉटेल-रेस्टॉरंट सीलबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने देऊ शकतात, कारण तिथे बाटलीबरोबर बसायची जागा आणि सेवाही दिली जाते. ठीक. पण पुस्तकांच्या दुकानातून किंवा नुसत्या काउंटरवरून उचललेल्या बाटलीबरोबर कसली सेवा येते? तिथे छापील किमतीचा नियम लागू होतो. एकाच मालावर दोन वेगळ्या किमती छापण्यालाही १ जानेवारी २०१८ पासून मनाई आहे. पळवाट मग सोपी: बाहेर मिळणारा ब्रँड ठेवायचाच नाही, वेगळ्या नावाचं, वेगळ्या बाटलीतलं महाग पाणी ठेवायचं. कायद्याने यात बोट ठेवायला जागा नाही. म्हणूनच साधी, सगळीकडे मिळणारी बाटली ठेवण्याची सक्ती करारातच हवी. तोवर बिल मागून घ्या, आणि छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावले असतील तर राज्याची वैध मापन शास्त्र यंत्रणा आहे, १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. बिलात सेवा शुल्क आपोआप लावलेलं दिसलं तर ते काढायला सांगा. ते ऐच्छिक आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे.

६. स्वस्तात देता येतं हे सरकारनेच दाखवून दिलंय.

२०२४ च्या हिवाळी अधिवेशनात राज्यसभेत राघव चढ्ढा यांनी विमानतळावरच्या शंभर रुपयांच्या पाण्याचा आणि दोनशे-अडीचशेच्या चहाचा विषय काढला. त्याच डिसेंबरात कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला. चहा १० रुपये, पाणी १० रुपये, सामोसा २०, कॉफी २०. पुढे चेन्नईत तसाच कॅफे निघाला. छतावर तेच दिवे, खाली तीच फरशी, तेच सुरक्षा नियम, तरी चहा दहा रुपयांत. मग बाकीच्या दोनशे रुपयांचं काय, हा प्रश्न कुणालाही पडेल.

पण कॅफे आहे एवढ्यावर खूश होऊ नये, तो कोणत्या बाजूला आहे ते बघावं. चेक-इनच्या बाजूला माणूस अजून मोकळा असतो. त्याला पोचवायला आलेले नातेवाईक असतात, हातात डबा असतो, पाण्याची बाटली असते. खरी अडचण तपासणीच्या पलीकडे सुरू होते, आणि आंतरराष्ट्रीय प्रवाशाची तर इमिग्रेशनच्याही पलीकडे. तिथे कॅफे नसेल तर तो उद्घाटनाच्या फोटोपुरता. पलीकडे जागा महाग आहे, असं म्हणतील. महाग आहे म्हणूनच ती राखून ठेवायची अट लागते, स्वस्त असती तर कुणीतरी आपणहून टपरी टाकली असती.

७. ‘जगात सगळीकडे असंच असतं’ हे खरं नाही.

अमेरिकेत पोर्टलँडच्या विमानतळावर दुकानांना अट असते: शहरात जो भाव, तोच इथे. हे धोरण तिथे अनेक वर्षं चालू आहे आणि दुकानं काही ओस पडलेली नाहीत. न्यूयॉर्कचा अनुभव जास्त बोलका आहे. २०२१ मध्ये लागार्डिया विमानतळावर एका बिअरची किंमत २७ डॉलर ८५ सेंट लावल्याचा फोटो पसरला. पोर्ट ऑथॉरिटीच्या महानिरीक्षकांनी चौकशी केली, इतरही गिऱ्हाइकांना असे भाव लागल्याचं निघालं, आणि मग नियम कडक झाला: शहरातल्या भावापेक्षा जास्तीत जास्त १० टक्के वर. भांडवलशाहीच्या माहेरघरात हे चालतं, आपल्याकडे मात्र भावावर मर्यादा म्हटलं की गुंतवणूकदार पळून जातील अशी भीती घालतात. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात बाहेरच्या माणसालाही जेवता येतं. माहीतगार प्रवासी मुद्दाम ते शोधत कार पार्किंगच्या बाजूला जातात.

खर्च जास्त येतो हे मी नाकारत नाही. प्रत्येक पोत्याची तपासणी, प्रत्येक कामगाराचा प्रवेश परवाना, चोवीस तासांच्या पाळ्या. त्याचे दहा-पंधरा टक्के घ्या. दहापट कशाला?

८. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही, आणि तिचं फसणंही नवं नाही.

१९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. जागा मोक्याच्या होत्या, योजना लोकप्रिय होती, आणि काही वर्षांत कित्येक केंद्रांवर झुणका सोडून सगळं मिळू लागलं. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली: दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. एसटीने आपल्या अधिकृत थांब्यांवरच्या हॉटेलांना ३० रुपयांत चहा-नाश्ता देण्याची अट घातली. ती किती ठिकाणी सांगितल्याशिवाय पाळली जाते हे एसटीने फिरणाऱ्यालाच विचारा. रेल्वेचं रेल नीर सप्टेंबर २०२५ पासून लिटरला १४ रुपये आहे, आणि प्लॅटफॉर्मवर ते मागावं लागतं हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा जागा दिली आणि भाव लिहिला एवढ्याने भागत नाही. पदार्थ संपला तर काय, पाटी झाकली तर काय, दंड कुणी आणि किती करायचा, हे कागदावर लागतं.

९. काय हवं ते नेमकं मागावं.

‘परवडणारं अन्न’ असं गुळमुळीत मागितलं तर कुणीतरी सव्वाशे रुपयांच्या मफिनलाही परवडणारं ठरवेल. माझी यादी छोटी आहे. पाणी, चहा, कॉफी, दूध. पोहे किंवा उपमा, इडली, वडापाव, पुरीभाजी. रात्रीसाठी एक गरम ताट किंवा वाडगं: खिचडी, नाहीतर दहीभात. एवढं पुरे. यातला कुठलाच पदार्थ हातात पडायला पाच मिनिटांहून जास्त लागत नाही, आणि वेळ हा इथे पैशाइतकाच महत्त्वाचा आहे. टोकन घ्या, पडद्यावर नंबर यायची वाट पाहा, तोवर गेट बंद व्हायला आलेलं. टर्मिनल दोनची लांबी चालून पाहिलेल्याला सांगायला नको की शेवटच्या गेटवरून खाण्यासाठी परत मधल्या चौकात येणं म्हणजे काय.

म्हणून चार अटी. या पदार्थांचा काउंटर इमिग्रेशन आणि सुरक्षेच्या पलीकडे, गेटांच्या जवळ हवा. रात्री दहा ते पहाटे पाच उघडा हवा, कारण मुंबईची परदेशी गर्दी त्याच वेळची असते. भाव शहरातल्या साध्या उडुप्याच्या हॉटेलाशी बांधलेला हवा, आणि तो मराठी, हिंदी, इंग्रजीत मोठ्या अक्षरांत, रांगेत उभं राहण्याआधी दिसेल असा लावलेला हवा. आणि या काउंटरला किमान हमीच्या रकमेतून वगळावं, नाहीतर बाकीच्या तीन अटी पहिल्याच वर्षी मोडतील. यात प्राधिकरणाला आपल्या ३८.७ टक्क्यांतलं थोडंसं सोडावं लागेल. सोडावं.

१०. डबा नेणाऱ्याचीही सोय बघा.

घट्ट पदार्थ हातातल्या सामानातून नेता येतात, त्याला बंदी नाही. धपाटे, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या तपासणीतून बिनधास्त जातात. लोणचं आणि दही नेऊ नका, ते द्रवात मोजून काढून घेतील. पण डबा उघडायचा कुठे? गेटपाशी खुर्च्या आहेत, टेबल नाही. टेबलं आहेत ती दुकानांची, आणि तिथे बसलं की पोऱ्या मेनू घेऊन येतो. चार साधी टेबलं, हात धुवायला जवळ बेसिन, थंड आणि गरम पाण्याचा नळ, कचरापेटी. गरम पाणी तान्ह्या मुलांच्या आयांना लागतं, औषध घेणाऱ्या म्हाताऱ्यांना लागतं. स्वच्छतागृहाच्या दाराला चिकटलेला एक थंड पाण्याचा नळ म्हणजे पाण्याची सोय नव्हे.

११. विमान लांबलं तर मागून घ्या.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार ठरावीक उशिरानंतर विमान कंपनीने खाणंपिणं द्यायचं असतं. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास उशीर झाला, पाच तासांवरच्या उड्डाणाला चार तास झाला, की हा हक्क लागू होतो. दुबई पहिल्यात, लंडन दुसऱ्यात. गेटवरचे कर्मचारी आपणहून सांगतीलच असं नाही.

१२. मागायचं कुणाकडे, तर ज्याचा करार आहे त्याच्याकडे.

एराच्या कायद्यातल्या कलम १३ नुसार सेवेचा दर्जा, सातत्य आणि भरवसा यांच्या निकषांवर देखरेख करणं हे एराचं काम आहे, आणि ते निकष केंद्र सरकारने घालून द्यायचे आहेत. त्या निकषांत एक ओळ वाढवायला संसदेत जावं लागत नाही. दर पाच वर्षांनी दर ठरवताना एरा सल्लामसलतीचा कागद प्रसिद्ध करतं आणि हरकती मागवतं. विमान कंपन्या पानंच्या पानं लिहून पाठवतात. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या १९७५ पासून काम करणाऱ्या संस्थेने तिथे खाण्याच्या भावाचं वेगळं निवेदन द्यावं, आणि परदेशातल्या मराठी मंडळांनी त्यावर सह्या कराव्यात. मंडळांच्या अधिवेशनाच्या स्मरणिकेतल्या एका जाहिरातीइतकेही कष्ट त्याला पडणार नाहीत.

आणि नवी मुंबई. या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून देशांतर्गत विमानांनी तिथे सुरुवात झाली. या प्रकल्पात सिडकोची २६ टक्के भागीदारी आहे. म्हणजे इथे दिल्लीकडे बोट दाखवायचं कारण नाही, राज्य सरकारचीच संस्था टेबलाशी बसलेली आहे. जुना करार मोडून अट घालणं अवघड असतं, पण तिथे पुढे जी-जी दुकानं द्यायची आहेत त्यांच्या निविदेत वरच्या चार अटी लिहिणं सोपं आहे. पनवेल-उरणच्या आमदारांनी आणि सिडकोच्या संचालकांनी त्या निविदांचे मसुदे छापायला जाण्याआधी मागवून घ्यावेत, आणि त्यात खाण्याच्या दुकानांसाठी किमान हमीची रक्कम काय धरली आहे ते पान आधी उघडावं.